ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये विश्वामित्रीची मगर: मॉड करणाऱ्यांसाठी अक्षरकोडांची ओळख

बडोद्यात राहणाऱ्याला मगर कशी दिसते हे सांगावं लागत नाही. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि मगरी तिच्यातच राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारापर्यंत आल्या, वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक त्यांना पकडून परत सोडत होते. तेव्हा इथल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मॉडिंग, म्हणजे तयार खेळाच्या फाइलींत आपली भर घालणं, शिकायचं असेल, तर पहिला प्राणी कोणता करावा हा प्रश्नच नाही. मगर करायची.

खेळ आहे ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’, ड्वार्फ म्हणजे बुटक्यांच्या किल्ल्याचा कंप्युटरवरचा खेळ. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी तो ऑगस्ट २००६ मध्ये लोकांसमोर आणला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात घेतला आणि डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसकट त्याची विकतची आवृत्ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आली. चिन्हांची जुनी ‘क्लासिक’ आवृत्ती आजही फुकट मिळते, आणि शिकण्यासाठी मी तीच घ्यायला सांगेन. तिच्यात डोंगर, पाणी, माणसं, जनावरं सगळं अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेलं असतं, त्यामुळे आपण दिलेला कोड, म्हणजे चिन्हाचा क्रमांक, बरोबर आहे की चूक, हे पडद्यावर लगेच कळतं.

नवखे लोक अडकतात ते चिन्हांपाशीच. प्राण्याचं वजन, दात, अंडी हे सगळं साध्या इंग्रजी शब्दांत लिहिलेलं असतं, ते वाचून समजतं. पण ‘☺’ फाइलीत कसं लिहायचं? नावातल्या ‘ई’वर टोपी (^) कशी द्यायची? दिली तर खेळात भलतंच का उमटतं? हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

वाचण्याआधी एक खूण लक्षात ठेवा. फाइलीतल्या ओळी मी इथे नागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलीत त्या इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतात. चौकटी कंस, विसर्गासारखे दोन टिंब आणि शब्दांमधली खालची रेघ मात्र इथे दाखवली तशीच. आकडेही फाइलीत इंग्रजीच हवेत. आपल्याकडच्या कंप्युटरवर इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन-तीन कीबोर्ड बसवलेले असतात. भलता कीबोर्ड चालू राहिला आणि १६९ गुजराती किंवा मराठी आकड्यांत टाइप झाला, तर खेळाला तो आकडा वाटतच नाही. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी कीबोर्ड आधी आणा, मग कामाला लागा.

२५६ खणांचं कपाट

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर दाखवायच्या अक्षरांचा एक ठरावीक संच होता. त्याला कोड पेज ४३७ म्हणतात. त्यात ० ते २५५ असे २५६ खण आहेत आणि प्रत्येक खणात एकच चिन्ह. ३२ ते १२६ मध्ये नेहमीची इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं येतात: मोठ्या लिपीतला ‘ए’ ६५, छोट्यातला ९७. १ ते ३१ मध्ये गमतीची चिन्हं आहेत: १ ☺, २ ☻, ३ ♥, ५ ♣, ६ ♠, ११ ♂, १२ ♀, १५ ☼. १२८ च्या पुढे युरोपीय भाषांची टोप्या-रेघा असलेली अक्षरं, मग भिंतींच्या रेघा (१८६ ║, २०५ ═, २०१ ╔), ठिपक्यांचे ठोकळे (१७६ ░, १७७ ▒, १७८ ▓, २१९ █) आणि शेवटाकडे ग्रीक अक्षरं व गणिताची चिन्हं.

ड्वार्फ फोर्ट्रेस आजही याच संचावर चालतो. खेळातला ड्वार्फ म्हणजे खण क्रमांक १, आणि तो सैनिक झाला की खण क्रमांक २.

देवनागरी या कपाटात नाही. ‘मगर’ असं नागरीत लिहून सेव्ह केलंत, तर खेळात प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हांचा घोळका दिसेल आणि त्यातलं पहिलं प्रत्येक वेळी α असेल. कारण यूटीएफ-८ या आजच्या पद्धतीत नागरीचं एक अक्षर तीन बाइटांत (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा) साठवतात, त्यातला पहिला बाइट नेहमी २२४ असतो, आणि ४३७ च्या २२४ व्या खणात α आहे. पडद्यावर αची रांग दिसली की समजायचं, कुठेतरी नागरी मजकूर शिरलाय.

पहिलं काम: मगरीची फाइल

खेळाच्या फोल्डरमध्ये ‘डेटा’, त्यात ‘व्हॅनिला’, त्यात ‘व्हॅनिला_क्रीचर्स’, त्यात ‘ऑब्जेक्ट्स’ अशा वाटेने गेलात की मूळ प्राण्यांच्या फाइली सापडतील. तिथे काहीही बदलू नका, फक्त वाचा. टेक्स्ट एडिटरच्या शोध-सोयीने [क्रीचर:ॲलिगेटर] ही ओळ शोधा, ॲलिगेटर म्हणजे मगरीचाच भाऊबंद. तिथपासून पुढची [क्रीचर:…] ओळ येईपर्यंतचा मजकूर कॉपी करा. लगेच खाली राक्षसी ॲलिगेटर आणि ॲलिगेटर-माणूस असे भाईबंद येतात, त्यांना सोडून द्या.

आता ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये आपल्या मॉडचं एक फोल्डर करा. त्यात ‘इन्फो’ नावाची टेक्स्ट फाइल आणि ‘ऑब्जेक्ट्स’ नावाचं उपफोल्डर. इन्फोमध्ये मॉडचा आयडी, नाव, लेखक, वर्णन आणि आवृत्तीचे क्रमांक जातात. एखाद्या चालू मॉडची इन्फो फाइल समोर ठेवून भरा, पाच मिनिटांचं काम आहे. ‘ऑब्जेक्ट्स’मध्ये प्राण्याची फाइल. तिच्या नावाची सुरुवात ‘क्रीचर_’नेच हवी, उदाहरणार्थ ‘क्रीचर_बडोदा’. फाइलीच्या पहिल्या ओळीत हेच नाव, शेवटचं टीएक्सटी वगळून. मग [ऑब्जेक्ट:क्रीचर] ही ओळ. मग कॉपी केलेला मजकूर.

त्यातली क्रीचरची ओळ [क्रीचर:मगर_बडोदा] अशी बदला. हे विसरू नका. आयडी ॲलिगेटरचाच राहिला तर खेळाच्या दृष्टीने एकाच नावाचे दोन प्राणी होतात आणि पुढे कुठे काय बिघडेल याचा भरवसा नाही.

आता चिन्ह. [क्रीचर_टाइल:…] या ओळीत (टाइल म्हणजे पडद्यावर दिसणारं चिन्ह) दोन पद्धती चालतात. एकेरी अवतरणात थेट अक्षर लिहायचं, नाहीतर अवतरणाशिवाय नुसता खणाचा क्रमांक. माझं स्पष्ट मत आहे: टाइल मागणाऱ्या ओळीत नेहमी क्रमांकच द्या. अगदी साधं इंग्रजी अक्षर असलं तरी क्रमांक दिल्याने काही बिघडत नाही, आणि विशेष चिन्ह असेल तर क्रमांकाला पर्यायच नाही.

याची कारणं नीट समजून घ्या. क्रमांक म्हणजे साधे इंग्रजी आकडे, ते नेहमीच्या कोणत्याही एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, सेव्ह केले तरी सारखेच राहतात. पण ‘⌐’ हे चिन्ह तुम्ही कुठूनतरी उचलून अवतरणात चिकटवलंत, तर ते फाइलीत एक बाइट होऊन बसेल की तीन, हे एडिटर ठरवतो. १ ते ३१ ची चिन्हं तर आणखी अवघड. ९ व्या खणात ○ आहे, पण तोच ९ टेक्स्ट फाइलीत टॅबचा बाइट आहे. १० आणि १३ या खणांत चिन्हं आहेत, पण फाइलीत ते ओळ संपल्याची खूण असतात. ‘☺’ चिकटवलं तर काही एडिटर त्याचं प्रश्नचिन्ह करून मोकळे होतात. शिवाय चौकटी कंस (९१ आणि ९३) आणि दोन टिंब (५८) हे या फाइलींचं स्वतःचं व्याकरण आहे. ती चिन्हं टाइल म्हणून हवी असतील तर क्रमांकानेच मागा.

मगरीसाठी मी १६९ घेतो: ⌐. लांब सपाट पाठ आणि खाली वळलेलं टोक, पाण्याबाहेर काढलेल्या थुतरीसारखं दिसतं. ओळ होते [क्रीचर_टाइल:१६९]. काहींना मगरीसाठी २४७ (≈) घ्यावंसं वाटतं. ते चुकूनही घेऊ नका, खेळात पाणी त्याच चिन्हाने दाखवतात. मगर पाण्यात खरोखरच दिसेनाशी होईल, आणि तुम्ही कोड चुकला म्हणून तासभर शोधत बसाल.

रंगाची ओळ [कलर:६:०:०]. इथे कलर अमेरिकन पद्धतीने, मधला ‘यू’ न घालता लिहायचा. पहिला आकडा चिन्हाचा रंग, दुसरा पाठीमागचा, तिसरा उजळपणा. ० काळा, १ निळा, २ हिरवा, ३ आकाशी, ४ लाल, ५ जांभळट, ६ तपकिरी, ७ करडा. तिसरा आकडा १ केला की हेच रंग उजळ होतात: ६ पिवळा होतो, ७ पांढरा. हिरवी मगर गवतावर हरवते, निळी पाण्यात, म्हणून चिखलाचा तपकिरी बरा.

दुसरं काम: नावावरची टोपी

टाइलला क्रमांक चालतो, पण नावाला आणि वर्णनाला चालत नाही. तिथे अक्षरच हवं, आणि खरी परीक्षा इथे आहे.

[नेम:…] ओळीत तीन जागा असतात: एकवचन, अनेकवचन, विशेषण. रोमन लिपीत ‘मगर’ लिहायला काही अडचण नाही. अनेकवचन ‘मगरी’. शेवटची ई दीर्घ दाखवायची असेल तर इंग्रजी ‘आय’च्या डोक्यावर काहीतरी हवं. पुस्तकांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, पण तशी अक्षरं कोड पेज ४३७ मध्ये नाहीत. टोपीवाली आहेत: आ साठी टोपीवाला ‘ए’ १३१, ई साठी टोपीवाला ‘आय’ १४०, ऊ साठी टोपीवाला ‘यू’ १५०. आपल्या नावांना एवढं पुरतं. ण, ळ, ट यांच्याखाली द्यायचं टिंब इथे मिळत नाही, ते साध्या अक्षरांनी भागवायचं. [कास्ट_नेम:…] या ओळीतही हीच तीन रूपं द्या, नाहीतर पडद्यावर कुठे ‘मगर’ तर कुठे ‘ॲलिगेटर’ दिसत राहील. वर्णनाच्या ओळीत, म्हणजे [डिस्क्रिप्शन:…] मध्ये, मजकूर हवा तेवढा लिहा, फक्त त्यात चौकटी कंस आणि दोन टिंब येऊ देऊ नका.

टोपीवाला आय टाइप करायला विंडोजमध्ये ऑल्ट दाबून ठेवायचं, उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर १४० दाबायचं आणि ऑल्ट सोडायचं. आधी शून्य देऊन ०२३८ दाबलं तरी तेच अक्षर येतं, कारण शून्याने सुरू होणारे क्रमांक विंडोजच्या दुसऱ्या तक्त्यातले असतात. वरच्या रांगेतले आकडे यासाठी चालत नाहीत. लहान लॅपटॉपला आकड्यांचं पॅड नसेल तर विंडोजमधला ‘कॅरेक्टर मॅप’ उघडून तिथून अक्षर कॉपी करा.

इथे एक मोठा गैरसमज असतो. ऑल्ट आणि १४० दाबलं म्हणजे फाइलीत १४० हा बाइट गेला, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. ऑल्टकोडने फक्त अक्षर आलं. ते अक्षर फाइलीत कोणत्या बाइटाने लिहायचं, हे सेव्ह करतानाचं एन्कोडिंग ठरवतं. टोपीवाला आय यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केला तर दोन बाइट होतात, १९५ आणि १७४. एएनएसआय, म्हणजे विंडोजच्या त्याच दुसऱ्या तक्त्यात, केलात तर एकच, २३८. आणि ४३७ मध्ये केलात तरच १४०. खेळ मात्र प्रत्येक बाइट ४३७ चाच समजून वाचतो. म्हणून पडद्यावर काय उमटलं यावरून चूक कुठे झाली ते सांगता येतं:

‘मगरी’च्या शेवटी ├« अशी दोन चिन्हं दिसली, तर फाइल यूटीएफ-८ आहे.
एकच ε दिसलं, तर एएनएसआय.
टोपीवाला आय दिसला, तर काम झालं.

फाइलीच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-८ ची लपलेली खूण बसली असेल तर ती ∩╗┐ अशी वाचली जाते. एडिटरमध्ये ती दिसत नाही, म्हणून पहिल्या ओळीत सगळं ठीक असूनही खेळ कुरकुरला तर हिच्यावर संशय घ्या.

विंडोजचं नोटपॅड यासाठी वापरू नका. ते आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं आणि त्याच्या यादीत ४३७ नाहीच. नोटपॅड प्लस प्लस घ्या. नवी रिकामी फाइल उघडा, आणि एक अक्षरही टाइप करण्याआधी एन्कोडिंगच्या मेनूतून कॅरेक्टर सेट्स, त्यात वेस्टर्न युरोपियन, त्यात ‘ओईएम-यूएस’ निवडा. कोड पेज ४३७ चंच हे दुसरं नाव आहे. क्रम महत्त्वाचा आहे: मजकूर आधी लिहून नंतर संच बदललात तर एडिटर आधीचे बाइट नव्या तक्त्याने वाचतो आणि टोपीवाली अक्षरं बिघडतात. व्हीएस कोड वापरत असाल तर खालच्या पट्टीत एन्कोडिंगच्या नावावर क्लिक करून ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ मधून सीपी ४३७ निवडता येतं.

खात्री करायची असेल तर एक छोटी चाचणी करा. नव्या फाइलीत टोपीवाला आय एवढं एकच अक्षर लिहा, एंटरही नको, आणि सेव्ह करून फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. दोन बाइट असतील तर यूटीएफ-८. एक बाइट असेल तर ४३७ किंवा एएनएसआय. या दोघांतला फरक खेळात ε दिसतं का त्यावरून. ही चाचणी मी प्रत्येक नवख्याला करायला लावतो, कारण एन्कोडिंगबद्दल कितीही समजावलं तरी हा एक-दोनचा फरक स्वतः बघितल्यावरच गोष्ट डोक्यात बसते.

खेळाच्या मूळ भाषा-फाइली (खेळातल्या काल्पनिक भाषांचे शब्द असलेल्या) उघडतानाही जपा. त्यांत टोपीवाली, टिंबवाली अक्षरं ४३७ मध्ये साठवलेली असतात. एडिटरने त्या यूटीएफ-८ समजून उघडल्या तर त्या जागी � दिसतं. फक्त बघून बंद केलंत तर काही होत नाही. पण तशीच सेव्ह केलीत तर मूळ बाइट कायमचे जातात आणि खेळात तिथे ∩┐╜ उमटतं. एका फाइलीतून भाषाच नासून जाते. म्हणून मूळ फोल्डरला हात लावू नका असं वर म्हटलं.

तिसरं काम: स्वतःचं चिन्ह काढणं

हे सगळ्यात आनंदाचं काम आहे आणि वाटतं तितकं कठीण नाही. ‘डेटा’तल्या ‘आर्ट’ फोल्डरमध्ये ‘कर्सेस’ने सुरू होणाऱ्या नावांची चित्रं असतात. अशा एका चित्रात सोळा ओळी आणि सोळा स्तंभ, म्हणजे २५६ खण आखलेले असतात. खेळ चिन्ह दाखवताना या चित्रातला तेवढा तुकडा उचलतो. तो तुकडा बदलला की चिन्ह बदललं.

आपला खण १६९. सोळाने भागा: भागाकार १०, बाकी ९. ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजायचे असल्याने वरून अकरावी ओळ, डावीकडून दहावा खण. प्रत्येक खण १६ बाय १६ पिक्सेलचा असेल तर तुमची जागा आडवी १४४ ते १५९ आणि उभी १६० ते १७५. चित्राची आधी प्रत काढा. रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये झूम वाढवा, ब्रश नको, पेन्सिल घ्या, कारण ब्रशच्या कडा धूसर येतात. पांढऱ्या रंगाने काढा. खेळ त्या पांढऱ्यावर कलरच्या ओळीतला रंग चढवतो. पाठीमागचा रंग जसा आहे तसा ठेवा, तोच पारदर्शक म्हणून धरला जातो.

सोळा पिक्सेलांत मगर काढताना शेपटी, पाय, दात सगळं घालायचा मोह होतो. माझा सल्ला: वरून दिसणारी पाठ आणि लांब थुतरी, दोन डोळ्यांचे दोन उंचवटे, एवढंच. विश्वामित्रीच्या पाण्यातही मगरीचं एवढंच दिसतं. कोणाला मगरीऐवजी तिथे नागरी ‘म’ काढायचा असेल तर तोही निघतो. एका खणात एकच अक्षर हवं असल्याने जोडाक्षरांची आणि मात्रांची अडचण इथे येत नाही, आणि नागरी अक्षर या खेळात आणायचा हा एकच सरळ रस्ता आहे.

फक्त कोणता खण बदलताय ते आधी तपासा, कारण नकाशा आणि मजकूर दोन्हीकडे हीच चित्रं वापरली जातात. खेळात उत्कृष्ट वस्तूच्या नावाला दोन्ही बाजूंनी ☼ लागतं आणि त्याखालच्या दर्जाला ≡. नक्षी असलेल्या वस्तूला « आणि ». या चार खणांत (१५, २४०, १७४, १७५) मगर काढलीत तर प्रत्येक सुंदर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना मगरी बसतील. भिंतींच्या रेघा आणि इंग्रजी अक्षरंही सोडा. १६९ ला मजकुरात फारसं काम नसतं, म्हणूनही मी तो निवडला.

चालवून बघणं

मॉड घातलेलं जग नव्यानेच घडवावं लागतं. आधी चालू असलेल्या किल्ल्यात मगर आपोआप येणार नाही. नवं जग तयार करताना मॉड्सच्या यादीतून आपला मॉड आत घ्या. पण प्रत्येक बदलासाठी अख्खं जग घडवत बसू नका. अरीना या खेळातल्याच चाचणीच्या मैदानात हवा तो प्राणी हवा तिथे लगेच ठेवता येतो, तिथे चिन्ह, रंग आणि नाव तिन्ही बघून घ्या. मगर यादीतच नसेल तर खेळाच्या मुख्य फोल्डरमधली ‘एररलॉग’ फाइल उघडा. बहुतेक वेळा फाइलीची पहिली ओळ आणि फाइलीचं नाव जुळत नसतं, किंवा एखादा चौकटी कंस बंद करायचा राहिलेला असतो.

मित्राला मॉड देताना पूर्ण फोल्डर झिप करून द्या. एकटी टेक्स्ट फाइल चॅटमध्ये चिकटवून पाठवलीत तर समोरचा ती आपल्या एडिटरमध्ये यूटीएफ-८ करून सेव्ह करतो आणि ├« परत येतं. बदललेलं चित्र त्याला वेगळं द्यावं लागेल, ते मॉडच्या फोल्डरमध्ये नसतं, ‘आर्ट’मध्ये असतं. आणि दर वेळी काही बदललंत की इन्फो फाइलीतला आवृत्तीचा पूर्णांक एकाने वाढवा, म्हणजे नवी प्रत कोणती आणि जुनी कोणती हे खेळालाही कळतं आणि मित्रालाही.